साठ उंदरांचा एकटा माणूस

...नाही, गाल चाटतात ते मी समजू शकतो. गालाला लावलेलं असतं म्हणून चाटतात, त्यांचा काय दोष? पण कानात? उंदराची जीभ असते केवढी हो, एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी, पण तुम्हाला सांगतो, ती कानात गेली ना की पार मेंदूपर्यंत गेल्यासारखी वाटते, आणि वर त्या मिशा, आणि ते नखांनी कानाची पाळी धरून ठेवणं! बरं, ओरडायची सोय नाही. तोंड उघडलं की दातांच्या फटीत काही अडकलंय का बघायला दुसरा आत डोकावतो. शी!... बसा ना तुम्ही, उभे का? तिथे नको, त्या पेटीपाशी नको, जरा अलीकडे. हां. तर काय सांगत होतो मी? कान.

मी सिनेमात असतो. हिरो नव्हे, ते माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं असेल तुम्हाला, हिरोचा मित्रही नव्हे. भीतीचे सिनेमे असतात ना, आणि त्यातही ते, ज्यात जनावरं माणसांवर तुटून पडतात, त्यात तो एक एकटा माणूस असतो, तो मी. आला लक्षात? गावाबाहेर घर, दाराला कडी नाही, खिडकीला काच नाही, आत एक माणूस, दाढी वाढलेली, स्वेटरला कोपरापाशी भोक, कुणाशी बोलत नाही, फक्त जनावरांशी बोलतो. मध्यंतरापर्यंत गावातली माणसं त्याच्या घरावर दगड मारतात, मध्यंतरानंतर तो गावावर जनावरं सोडतो, आणि शेवटी तीच जनावरं त्याला खातात. झाला सिनेमा. बावीस वर्षांत एकतीस वेळा खाल्ला गेलोय मी. कुत्र्यांनी सात वेळा, कावळ्यांनी चार वेळा, डुकरांनी... डुकरांचं नको, तुम्ही आत्ताच चहा घेतलाय. जळवांनी एकदा. त्या रबराच्या आणणार होते, पण रबराच्या चमकत नाहीत म्हणे, मग खऱ्या आणल्या, पाठीवर चौदा, आणि दिग्दर्शक म्हणतोय जरा हलू नका, त्या मस्त पसरल्यात. एकदा तर बदकांनी खाल्लं मला. आता तुम्हीच सांगा, बदकं माणूस खातात? पण कुत्रेवाल्याची गाडी आली नाही, आणि बदकवाला शेजारच्या सेटवर रिकामा बसला होता.

आणि हे सगळं का, तर माझ्या तोंडामुळे. गाल आत, डोळे बाहेर, मान लांब. पहिल्या दिग्दर्शकाने मला बघितलं आणि मेकअपवालीला म्हणाला, काही लावू नका, किती एकटा माणूस वाटतो हा. एकटा माणूस म्हणे! अहो, आम्ही घरात अकरा जण. खोल्या तीन. मी, बायको, आमची दोन, भाऊ, भावजय, त्यांच्या दोन मुली, आई, आत्या आणि मामा, ते आठ दिवसांसाठी आले होते, त्याला आता नऊ वर्षं झाली. सकाळी अंघोळीला माझा नंबर सातवा. आत गेलो की दोन तांबे घेतो न घेतो तोच भाऊ दार वाजवतो, मग आत्या बाहेरून विचारते माझा टॉवेल आत आहे का, आणि पुतणी दारापाशी उभी राहून गणित सांगते, काका, एक हौद दोन नळांनी भरतो. अंगाला साबण लावलेला माणूस हौदाचं काय उत्तर देणार? संवाद पाठ करायला गॅलरीत जावं तर मामा खाटेवरून माझ्या आधी म्हणून दाखवतात. जन्मल्यापासून सलग दहा मिनिटं एकटा बसलेला नाही मी, आणि मला भूमिका मिळते ती ज्याचं जगात कुणी नाही त्याची.

नाही, एका ठिकाणी मिळायचं एकटं बसायला, खोटं का बोलू. शूटिंगहून परत येताना बसमध्ये. कारण तो वास! जनावरांनी तोंडाशी यावं म्हणून लावायचा एक लगदा असतो आमच्यात. सुकी मासळी वाटायची, त्यात काळं पडलेलं केळं कुस्करायचं, वरून शेंगदाण्याचं तेल, आणि तो डबा आदल्या दिवशी उन्हात ठेवायचा, म्हणजे वास सुटतो म्हणे. तो तोंडाला, मानेला, कानाला थापायचा. त्यावर लाल पाक ओतायचा. मग जनावरं येऊन ते चाटतात, कॅमेरा खालून लावलेला असतो, मी हातपाय झाडतो, आणि पडद्यावर तुम्हाला वाटतं की लचके तोडतायत. लचके कुणी तोडत नाही हो. चाटतात. लचके बरे, लचक्याचा वास चार दिवस कानातून येत नाही. बसमध्ये मी चढलो की माझ्या शेजारचा उठायचा, पुढचा उठायचा, मागचा खिडकीतून बाहेर तोंड काढून बसायचा, आणि तेवढा अर्धा तास मी एकटा. घरी आलो की पुन्हा अकरा. त्यांना वासाचं काही नाही, नाकाला पदर लावून सगळे भोवती बसतात आणि विचारतात, आज कुणी खाल्लं?

मी एका लेखकाला विचारलं होतं, स्पष्ट विचारलं, की बाबा, ज्याने जन्मभर त्या जनावरांना खाऊ घातलं त्यालाच ती शेवटी का खातात? तर म्हणाला, प्रेक्षकांना न्याय लागतो. न्याय? त्याने केलं काय होतं? कुणाचं घेतलं नाही, कुणाच्या दारात गेला नाही, कुणाला हौदाचं गणित विचारलं नाही. आपल्या घरात आपला बसला होता. त्याचा गुन्हा काय, तर एकटा राहतो. आणि एकटा राहतो म्हणजे तो घाणेरडाच असणार, तो केस विंचरणारच नाही, त्याच्या ताटात माशा असणारच, असं ह्या लोकांनी ठरवून टाकलंय. अहो, एकट्या माणसाचं ताट स्वच्छच असणार, त्यात दुसरं कोण हात घालणार? मला किळस उंदरांची नाही येत आता, ह्या लोकांच्या डोक्याची येते.

असो. आई.

आईने माझा एकही सिनेमा पुरा बघितलेला नव्हता. पहिल्याला नेली होती. शेवटी कुत्री आली, मला घेरलं, आणि भर थिएटरात आई उठली, हाड हाड म्हणत मधल्या वाटेने पळत पुढे गेली आणि पायातली चप्पल काढून पडद्यावर मारली. लोक हसले. मी तिच्यामागे धावलो, तिला दंडाला धरून सांगतोय, अगं मी इथे आहे, मी इथे आहे. ती म्हणे, आधी त्याला सोडव. त्या दिवसापासून तिने सांगितलं, ज्या सिनेमात तू शेवटपर्यंत जिवंत राहशील त्याला मला ने, तोवर नाही. आता ती एक्याऐंशी वर्षांची. गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी विचारलं, दिसतंय का आजी, तर म्हणाली, दिसतंय, आता ह्याला विचारा बघण्यासारखं काही करणार आहे का.

आणि त्याच महिन्यात मला उंदरांचा सिनेमा आला. नेहमीचंच, एकटा माणूस, गावाबाहेर घर, साठ उंदीर, शेवटी खातात. पण ह्यात मला भाषण होतं! दोन पानं! बावीस वर्षांत माझे संवाद काय, तर "कोण आहे तिकडे" आणि "आऽऽ". आणि इथे दोन पानं, मी खुर्चीत बसलेलो, गावाला शिव्या देतोय, ह्या गावाने मला थुंकून टाकलं, आता हे माझं सैन्य आहे वगैरे, आणि मग ते सैन्य मला खातं. आई घरात भाजी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, मरतोस का ह्यात? आणि मी... आता काय सांगू तुम्हाला. म्हटलं, नाही. चक्क खोटं बोललो. म्हटलं, भाषणापर्यंत तर बघेल, पुढचं थिएटरात सांभाळू, फार तर चप्पल आधीच काढून घेऊ. तिने भाजी खाली ठेवली, नवा चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, मग येते.

आता ह्या उंदरांच्या धंद्यातली रीत ऐका. उंदीर पाळून सिनेमाला देणारा एक माणूस आहे, त्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांचे साठ उंदीर, त्यातले चार पुढारी. पुढारी जिकडे जातील तिकडे बाकीचे छप्पन्न. म्हणून मास्तरांचा नियम असा की ज्याला उंदरांनी खायचंय त्याने ते चार पंधरा दिवस घरी ठेवायचे, उशाशी, म्हणजे त्यांना त्याचा वास ओळखीचा होतो. आणि दुसरा नियम, शूटिंगच्या आदल्या दुपारपासून अन्नाचा कण द्यायचा नाही. पोट रिकामं असेल तरच लगद्यावर येतात. हा नियम मास्तरांनी जाड अक्षरात कागदावर लिहून पिंजऱ्याला चिकटवला होता. वाचता येणाऱ्या प्रत्येकाने तो वाचला, आणि आमच्या घरात सगळ्यांना वाचता येतं.

पिंजरा आला त्या संध्याकाळी बायको उशी उचलून दुसऱ्या खोलीत गेली. ते गुलाबी शेपूट, म्हणाली, मला स्वप्नात येईल. आणि खरं सांगतो, मला मनातून आनंद झाला, म्हटलं चला, उंदीर तर उंदीर, पंधरा दिवस खोलीत एकटा तरी झोपेन. एकटा माणूस म्हणे! जेवणं होताच दहाच्या दहा जण खोलीत. आत्या नाकाला पदर लावून, पण पहिल्या रांगेत. मामा म्हणाले, ह्यांचे दात जन्मभर वाढतात, आणि ते ऐकून भावजय शहारली आणि अजून जवळ सरकली. घाण तर काय विचारता! लेंड्या, भिजलेला कागद, तो आंबूस भपकारा, आणि माझ्या उशाशी ते कुरतडणं. तिसऱ्या दिवशी बघतो तर आईने त्यांना नावं ठेवलेली. थोरला, मधला, धाकटा आणि शेंडेफळ. शेंडेफळाचा एक कान फाटका होता, त्याला ती दोन दाणे जास्त द्यायची आणि इतरांना सांगायची, तुम्ही समजून घ्या.

तोवर ठीक होतं. पण दुपारी आईला झोप येत नाही, आणि पुतणीला मोठ्याने वाचायची हौस. तिला माझ्या उशीखाली त्या सिनेमाचे कागद सापडले आणि तिने आजीला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. शेवटपर्यंत! "साठही उंदीर त्याच्या चेहऱ्यावर तुटून पडतात, किंकाळी, अंधार." हे मला नंतर कळलं. आईने त्या दिवशी नेहमीसारखं जेवायला वाढलं, ताक हवं का विचारलं. बस्स.

शूटिंगच्या दिवशी सकाळी मास्तर गाडी घेऊन दारात आले, मागे आठ पेट्यांत छप्पन्न उंदीर, आणि हे चार आणि मला न्यायला वर आले. मी अंघोळीला गेलो होतो. आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी कुणी दार वाजवलं नाही. भाऊ नाही, आत्या नाही, हौद नाही. मी दोन तांब्यांच्या जागी वीस घेतले, वर चक्क गाणं म्हटलं. तिथेच मला संशय यायला हवा होता. पण सुखात असताना माणसाला संशय येतो का? बाहेर आलो तर मास्तर तिसरा चहा पीत होते, भावजय चौथा गाळत होती, मामा त्यांना विचारत होते उंदराचं वय कसं ओळखतात, आणि आई पायऱ्या चढून वर येत होती, हातात रिकामं पातेलं आणि डाव. मी म्हटलं, कुठे गेली होतीस? म्हणाली, खाली.

सेटवर गेलो. सकाळचे दहा, पण खिडक्यांना काळे पडदे लावून आत मध्यरात्र केलेली. मला खुर्चीत बसवलं. मेकअपवालीने स्वतःच्या नाकाला चिमटा लावला आणि माझ्या तोंडाला लगदा लावला. ह्या वेळी तीन दिवस उन्हात ठेवला होता म्हणून जास्त वास सुटला होता, डोळ्यांतून पाणी आलं, तर दिग्दर्शक खूश, म्हणाला, काका, असेच रडत राहा. मला काका म्हणतो तो, त्याच्या वडिलांचं वय माझ्याहून कमी असेल. मग मास्तरांनी पेट्या उघडल्या आणि कॅमेऱ्यामागून दाण्यांचा डबा वाजवला. हा डबा वाजला की उंदीर तीरासारखे सुटतात. मी डोळे मिटले, तोंड घट्ट मिटलं, कान आत ओढता येत नाहीत म्हणून देवाला दोष दिला, आणि वाट बघितली.

काही नाही.

एक डोळा उघडला. उंदीर येत होते. पण असे, डुलत. पोट जमिनीला लागलेलं. थोरला माझ्या गुडघ्यावर चढला, तिथे दम खायला थांबला, मग छातीवर आला, लगद्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. म्हणजे ज्या लगद्यासाठी मास्तर तीन दिवस मासळी उन्हात घालून बसले होते त्याला ह्याने तोंड फिरवलं! आणि माझ्या गळ्याच्या खळगीत अंगाचं मुटकुळं करून झोपला. मधला खांद्यावर. धाकटा खिशात. शेंडेफळ मांडीवर उताणं. आणि पुढारीच आडवे झाल्यावर बाकीचे छप्पन्न काय करणार, जिथे जागा मिळेल तिथे. दुसऱ्यांदा सोडले, तेच. तिसऱ्यांदा तर काही जण पेटीतून बाहेरच आले नाहीत, उचलून आणून माझ्यावर ठेवावे लागले. मास्तरांनी एकाचं पोट बोटाने दाबून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, दादा, काय घातलंत ह्यांना? शेंडेफळाच्या मिशीला भाताचं शीत होतं, दुधातला भात, वर उकडलेलं अंडं कुस्करलेलं. तो वास मी त्या लगद्यातूनही ओळखला. परीक्षेच्या दिवशी आई मला तेच घालायची.

कळलं मला सगळं. आमच्या घरातून कुणी उपाशी पोटी बाहेर पडलेलं तिला चालत नाही, मीटर बघायला येणारासुद्धा काहीतरी तोंडात टाकूनच जातो, हे खरं. पण हे ते नव्हतं. एक्याऐंशी वर्षांची बाई सकाळी उठून पातेलंभर भात शिजवते, आधी घरातल्या चौघांना वाढते, मग दोन जिने उतरते, गाडीत चढते आणि आठ पेट्यांत वाकून वाकून उरलेल्या छप्पन्न तोंडांना वाढते, का, तर पोट भरलेलं असलं म्हणजे माझ्या मुलाला खाणार नाहीत. घरातल्या दहाही जणांना माहीत होतं. मला सोडून.

दिग्दर्शक डोकं धरून बसला. संध्याकाळी सेट पाडायचा होता, दुसऱ्या सिनेमाचे लोक दाराशी उभे होते, त्यांना तिथे हॉस्पिटल उभं करायचं होतं. शेवटी म्हणाला, राहू दे खाणं, काका, भाषण तरी म्हणा. आता मला सांगा, अंगावर साठ जण झोपलेत, एक गळ्यावर, दोन बगलेत, आणि गावाला शिव्या कशा देणार? उठतील ना! मी दोन्ही पानं कुजबुजत म्हटली. "ह्या गावाने... मला... थुंकून टाकलं..." असं, अंगाई म्हणतात तसं. भाषण संपलं. मला वाटलं थांबा म्हणतील. कुणी म्हणेना. दिग्दर्शकाने ओठांवर बोट ठेवलं आणि हाताने खूण केली, तसेच राहा.

तीन मिनिटं. त्या खोलीत चाळीस माणसं होती आणि चाळीसही श्वास रोखून उभी, कारण एक पाऊल वाजलं असतं तर उंदीर उठले असते. आवाज नाही. कसलाच नाही. लगदा गालावर वाळून ताणत होता. बाहीतून काहीतरी कोमट ओघळत खाली चाललं होतं, ते काय होतं ते तुम्हाला कळलं असेल, मलाही कळलं होतं. शिसारी आली. आणि तरीही, हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, मला बरं वाटलं. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. कुणी टॉवेल मागत नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं, साठ गरम पोटं हळूहळू खालीवर होत होती आणि मी नुसता बसलो होतो. संपूच नये असं वाटलं.

घरी गेलो तर आई दारातच. म्हणाली, मेलास? म्हटलं, नाही. बरं म्हणाली आणि तांदूळ धुवायला आत गेली.

सिनेमा लागला, आणि तुम्हाला सांगतो, चालला! पेपरवाल्यांनी लिहिलं, शेवटच्या तीन मिनिटांत ह्या नटाच्या चेहऱ्यावरचं भयाण, पोकळ एकटेपण बघून अंगावर काटा येतो. एकटा माणूस म्हणे! मग एका दुपारी आम्ही अकरा जण गेलो, एक रांग आमचीच. ते शेवटचं दृश्य आलं. माझं तोंड केवढं मोठं पडद्यावर, आणि गळ्याशी थोरल्याचं शेपूट. पुढच्या बाईने डोळ्यांवर पर्स धरली. एक जण तोंडावर हात ठेवून बाहेर पळाला. मी आईच्या चपलेवर पाय ठेवून बसलो होतो, पण ती हललीसुद्धा नाही. बघत राहिली. पाटी आली, दिवे लागले, तरी बसूनच. बसमध्ये खिडकीबाहेर बघत आली. मला वाटलं बाहीतलं ते ओघळणं दिसलं की काय तिला. घरी आल्यावर न राहवून विचारलं, आई, आवडला नाही का? जिवंत राहिलो की शेवटपर्यंत.

आईने चष्मा काढला. म्हणाली, "लोक घाबरले. मी नाही घाबरले. तो चेहरा मला माहीत आहे. लहानपणी पलंगाखाली जाऊन बसायचास, तेव्हा असायचा. खूश होतास तू."

मी तिच्या हातातला चष्मा घेऊन पुसायला लागलो.

"अकरा माणसांच्या घरात राहतोस," म्हणाली, "आणि तुझा हा चेहरा बघायला मला तिकीट काढून जावं लागलं."

रडलो मी. लपवायचं काय त्यात? कुत्र्यांपुढे रडलो नव्हतो, जळवा लागल्या तेव्हा रडलो नव्हतो, तिथे स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून रडलो, आणि अर्थात ते बघायला नऊ जण जमा झाले. पेपरवाले फसले, दिग्दर्शक फसला, बायको फसली, एक आई फसली नाही. आणि तिला वाटलं काय असेल हो? सगळ्या घरासाठी जन्म घालवला आणि मुलगा सुखी कुठे दिसला, तर उंदरांत.

मग बैठक बसली. आई म्हणाली, ह्याला एकटं बसायला जागा पाहिजे. कुणी ब्र काढला नाही. गच्चीवरची ही अडगळीची खोली रिकामी केली, भावाने चुना लावला, आत्याने सतरंजी दिली, आणि ठरलं की रोज चार ते पाच, एक तास, कुणी वर फिरकायचं नाही. पुतणीने मास्तरांसारखं जाड अक्षरात लिहून दाराला लावलं: काका एकटे आहेत. आणि ती पेटी दिसतेय ना तुमच्यामागे? तेच ते चार. मास्तर घेऊन आले एक दिवस, म्हणाले, दादा, ह्यांची सवय मोडली, भात मागतात, माझ्या कामाचे राहिले नाहीत. आई म्हणाली, त्यांना तरी कोण आहे, राहू देत ह्याच्या सोबतीला. सोबतीला! एकटं बसायच्या खोलीत सोबत!

पहिल्या दिवशी चारला येऊन बसलो. दार लावलं, डोळे मिटले. चार वाजून पाच मिनिटांनी आई आली, मी नीट एकटा बसलोय ना ते बघायला. खूश आहेस ना, म्हणाली, आणि समोर बसून माझा चेहरा बघत राहिली. तो चेहरा काही येईना, बघणारं कुणी असलं की तो येतच नाही, पण हे तिला कसं सांगू? ओढून ताणून आणला. ती समाधानाने डोळे पुसून खाली गेली. मग भावजय चहा घेऊन आली, तुम्ही एकटे आहात ना, म्हणून आणला. मग मामा, जुनी खुर्ची घेऊन, मी बोलणार नाही म्हणाले, आणि पाच वाजेपर्यंत मी कसा बोलत नाही हे सांगत राहिले. मग ही बातमी खालच्या मजल्यावर गेली, मग शेजारच्या घरांत, की वर एक माणूस रोज तासभर एकटा बसतो आणि उंदरांशी बोलतो. आता रोज चारला कुणी ना कुणी येतंच, भीत भीत, दारातून डोकावत. तुम्ही कुणाकडून आलात म्हणालात? आत्याच्या ओळखीचे ना सगळे?

हे बघा, अजून आले. या, आत या, दारात घोटाळू नका, मागच्यांनाही जागा द्या. सतरंजी पुरायची नाही, सरका जरा एकमेकांना चिकटून. एकटा माणूस म्हणे... अहो, ओरडू नका, शेंडेफळ आहे तो, नुसता मांडीवर येऊन झोपतो. चावत नाही. आई आत्ताच त्याला वाढून गेलीय.